झोळीची खोळ

तेरच्या शिवारात, नदीच्या अलीकडे, माझा चार एकरांचा तुकडा आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दिवसाचा बहुतेक वेळ माझा मुक्काम तिथेच असतो. गेल्या वर्षी दिवाळीनंतर पुण्याचा नातू आला, तो पाठीवरच्या पिशवीत एक झोळी घेऊन. पॅराशूटच्या कापडाची, घडी केली तर मुठीत मावेल एवढी! दोन लिंबांच्या मध्ये ती बांधून रात्री तिथेच झोपण्याचा त्याचा बेत. "आजोबा, फक्त डासांचं काहीतरी करा," एवढीच फर्माईश.

आता यात अवघड ते काय? घरातली मच्छरदाणी आणली, झोळीच्या वर एक दोरी ताणली आणि तिच्यावरून ती तंबूसारखी सोडली. कडा झोळीच्या खाली वीतभर लोंबत होत्या. मोठ्या ऐटीत घरी जाऊन झोपलो. सकाळी येऊन पाहतो तो नातवाचा चेहरा स्वच्छ, पण पाठ आणि मांड्या गांधींनी भरलेल्या!

शेजारच्या उसात बीडकडची टोळी उतरली होती. त्यांतली एक बाई बांधावरून आमची फजिती पाहत होती. तिने कोयता खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "गुरुजी, खाटंवर गादी असती. झोळीला खाली काय असतंय? डास कापडातनं चावतंय की."

चाळीस वर्षे मी पोरांना शास्त्र शिकवले, आणि हे मला सुचू नये! डासाची मादी श्वासाचा माग काढत येते, अंगाची ऊब तिला जागा दाखवते, आणि अंगाला घट्ट बसलेले एकेरी कापड तिच्या सोंडेला अडवत नाही. झोळीत निजणाऱ्याची सगळी पाठच अशी उघडी पडते. त्या बाईचे सहा महिन्यांचे मूल बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत निजले होते, आणि त्याच्याखाली गोधडीची चौपदरी घडी होती. शास्त्र तिला कोणी शिकवले नव्हते.

तेव्हा झोळीला छत नको, खोळ हवी. उशीला असते तशी, पण चहूबाजूंनी सैल. बाजारातून दीड मीटर पन्ह्याची नायलॉनची जाळी साडेसहा मीटर आणली. चौरस इंचाला १५६ छिद्रे असलेली जाळी मच्छरदाणीला प्रमाण मानतात. त्याहून विरळ घेऊ नये. (याच तेरला पूर्वी तगर म्हणत, आणि इथली तलम मलमल भडोच बंदरावर जात असे, असे पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवले आहे. त्या गावच्या माणसाने नायलॉन विकत आणावे, हा काळाचा महिमा.) तिचे सव्वातीन मीटरचे दोन तुकडे केले आणि लांबीने एकमेकांना जोडले. जाळी यंत्राखाली सरकते, दात धरत नाहीत. मी हातघाईला आलो तेव्हा सौभाग्यवतींनी मला उठवले, जाळीखाली वर्तमानपत्राची पट्टी घातली, कागदासकट शिवले आणि मग कागद फाडून काढला. दोन्ही तोंडांना नेफा, नेफ्यात नाडी. झोळी खोळीतून ओवायची, नाड्या झोळीच्या दोरांवर आवळायच्या, आणि वरची बाजू ताणलेल्या दोरीला तीन बंदांनी टांगायची, म्हणजे जाळी तोंडावर येत नाही. खालची बाजू मात्र सैल लोंबू द्यायची. ती ताणली की कापडाला चिकटते, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आत शिरायला एका शिवणीत दोन हात फट ठेवली आणि तिच्यावर जाळीचाच रुंद पदर घेतला. एक मुंगळा दोरावरून चालत आत आला, तेव्हा दोरांना रॉकेलच्या चिंध्या बांधल्या. दुसऱ्या रात्री नातू सूर्य वर येईपर्यंत घोरत होता.

तो पुण्याला गेला. खोळही गेली. पण बाभळीखालची झोळी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मागल्या हंगामात त्या बाईच्या थोरल्याला हिवताप झाला होता. नवराबायको मिळून एक कोयता. पोराला घेऊन ती कोपीत बसली की कोयता मोडला, आणि उचल तर आधीच घेतलेली. आठ दिवस असे गेले. हिवतापाचा परजीवी डासाच्या पोटात प्रथम पाहिला तो रोनाल्ड रॉस यांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत. तेव्हा आमचा हा जिल्हाही त्याच निजामाच्या राज्यात होता. १९५३ मध्ये देशभर हिवतापाविरुद्ध मोहीम सुरू झाली. लहानपणी आमच्या भिंतींवरही फवारे उडालेले मला आठवतात. हिवतापाचा डास रात्री चावतो, पण डेंग्यूचा दिवसा. आणि दिवसा झोळीत असते ते मूलच. चिखल तुडवताना भान हरपलेल्या गोरोबाकाकांचे हे गाव. काम आणि मूल एकाच जागी असले म्हणजे काय होते, ते इथे कोणाला सांगावे लागत नाही.

उरलेल्या जाळीत आणखी थोडी घालून दुसरी खोळ शिवली, तोकडी. हिला आतून वेताची दोन कडी बसवली, म्हणजे जाळी बाळाच्या तोंडावर पडणार नाही. नाड्या बाहेरच्या बाजूला, बाळाच्या हाताला लागणार नाहीत अशा. फट मात्र बाजूला ठेवली होती. बाईने ती पाहिली आणि मान हलवली.

"अंगावर पाजायला एका हातानं उघडली पायजे, गुरुजी. फट माझ्याकडं, पायथ्याला करा."

मी उसवली आणि पुन्हा शिवली. पैसे विचारले तेव्हा मी नको म्हटले, तर दुसऱ्या दिवशी बांधावर उसाची मोळी ठेवलेली होती.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला आणि टोळी हलली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, कोप्यांचे बांबू, आणि वर ती खोळ, कड्यांसकट, कंदिलासारखी टांगलेली. यंदाची टोळी अजून आलेली नाही. दहा मीटर जाळी मी आणून ठेवली आहे. वर्तमानपत्रे घरात आहेतच.