आयन भिंतीवर आदळतो तेव्हा…



अणूने किंवा रेणूने इलेक्ट्रॉन गमावला अथवा घेतला की त्याचा आयन होतो, हे आपण वर्गात शिकतो. हा आयन वेगाने एखाद्या पृष्ठभागावर आदळला तर काय होते, ते या अंकात आम्ही सांगणार आहोत.

आयनांचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राला मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. कॅरमचा स्ट्रायकर कडेला आपटून परत येतो तेव्हा तो स्ट्रायकरच असतो. आयनाचे तसे नाही. तो नुसता उसळेल, त्याचे तुकडे होतील, तो पृष्ठभागाकडून इलेक्ट्रॉन घेऊन उदासीन होईल किंवा तिथला एखादा अणू उचलून आणेल. हा शेवटचा प्रकार म्हणजे सरळसरळ रासायनिक अभिक्रियाच.

एक उदाहरण पाहू. पायराझिनच्या रेणूत 4 कार्बन, 4 हायड्रोजन आणि 2 नायट्रोजन असतात. वहीत बेरीज करा : 48 + 4 + 28 = 80. हा आयन हायड्रोकार्बनचा पातळ थर दिलेल्या पृष्ठभागावर सोडला, तर यंत्रात 80 बरोबर 81 आणि 95 हे आकडेही दिसतात. एक वाढला तो हायड्रोजन, पंधरा वाढले तो मिथाइल गट. हा हायड्रोजन आला कुठून? शास्त्रज्ञांनी थरातील हायड्रोजनच्या जागी दुप्पट वजनाचा ड्युटेरियम घातला, तेव्हा 81 ऐवजी 82 मिळाले. म्हणजे तो अणू पृष्ठभागाचाच होता!

1990 च्या दशकात अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहम कुक्स यांच्या गटाने अशा अभिक्रियांचा पुष्कळ अभ्यास केला. आपले टी. प्रदीप हे त्या गटात होते. काही आयन आपला क्लोरीन पृष्ठभागाला देऊन तिथला फ्लोरिन घेतात, असे त्यात दिसले. पुढे प्रदीप यांनी मद्रास आयआयटीत संशोधन केले. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हाच खेळ चंद्रावर अखंड चालू आहे. सूर्याकडून येणारे प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे आयन, सेकंदाला सुमारे 400 किलोमीटर वेगाने चंद्राच्या मातीवर आदळतात. माती ते जवळजवळ सर्व शोषून घेते, असा पूर्वी समज होता. 22 ऑक्टोबर 2008 रोजी निघालेल्या चंद्रयान-1 वरील ‘सारा’ या उपकरणाने तो खोटा ठरवला. जवळजवळ 20 टक्के प्रोटॉन इलेक्ट्रॉन घेऊन उदासीन हायड्रोजन अणू बनतात आणि अवकाशात परततात, असे 2009 मध्ये जाहीर झाले. गंमत अशी, की हे उदासीन अणू मोजण्यासाठी उपकरणातच एका पृष्ठभागावर आदळवून त्यांचे पुन्हा आयन करावे लागत होते. या उपकरणाचे एक प्रमुख शास्त्रज्ञ अनिल भारद्वाज 2017 मध्ये आपल्या गुजरातमधील अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले.

उरलेल्या प्रोटॉनांचे काय? त्यांतील काही मातीतल्या ऑक्सिजनशी जोडले जाऊन हायड्रॉक्सिल तयार होते, असे मानले जाते. त्याच यानावरील नासाच्या उपकरणाला चंद्रावर हायड्रॉक्सिल व पाण्याच्या खुणा आढळल्या. चंद्रावर पाणी येते कसे, या मोठ्या प्रश्नाचा एक धागा असा या आदळण्यात आहे.

यातून आपण काय घ्यायचे? भिंत, नळी, भांडे ही नुसती प्रेक्षक नसतात. चलथाणला साखर कारखाना असल्याने रस आटवण्याच्या नळ्यांना आतून पुट चढते, हे आपल्यापैकी अनेक पालकांना ठाऊक आहे. म्हणून मुलांनो, प्रयोगापूर्वी परीक्षानळी स्वच्छ धुवा, आणि उत्तर पुस्तकापेक्षा वेगळे आले तर खोडू नका. आधी विचारा, हे कुठून आले? पालक व विश्वस्तांना आमची विनंती, की मुलांना असे विचारायला वेळ मिळावा आणि प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाणी व नळ्या धुण्याचे ब्रश कमी पडू नयेत.