नोकरीच्या ठिकाणी समानतेची सूचना कशी लिहावी?

बिबवेवाडीतील आपले सभासद मार्केट यार्डात, रुग्णालयांत, कचेऱ्यांत नोकरी करतात. आपले विद्यार्थी उद्या तेथेच अर्ज करतील. त्यांच्या सहकाऱ्यांत समलिंगी वा तृतीयपंथी व्यक्तीही असतात. त्यांच्याविषयी आस्थापनेने फलकावर सूचना लावायची तर ती कशी असावी, याचा विचार आपण करू.

प्रथम कायदा पाहू. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली नालसा खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींचे मूलभूत हक्क मान्य केले. प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे, असा निकाल ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण अधिनियमाने भरती व बढतीत भेदभावास मनाई केली आणि प्रत्येक आस्थापनेस तक्रार अधिकारी नेमण्यास सांगितले. 'आस्थापना' या शब्दात कंपनी व पेढीबरोबर संस्था आणि न्यासही येतात. म्हणजे आपल्यासारखी संस्थाही सुटत नाही! मात्र हा अधिनियम तृतीयपंथीयांपुरता आहे. खासगी नोकरीतील समलिंगी कर्मचाऱ्यास संरक्षण द्यायचे, तर ते आस्थापनेने आपल्या सेवानियमांत स्वतः लिहावे लागते. सूचनेत हा फरक स्पष्ट हवा. कायद्यात नसलेले कायद्याच्या नावाने लिहू नये.

दुसरी गोष्ट अर्जाची. पोलीस भरतीच्या अर्जात स्त्री व पुरुष एवढेच पर्याय होते. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हा प्रश्न गेल्यावर राज्य शासनाने तिसरा पर्याय देण्याचे मान्य केले. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवड महापालिकेने तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षकाचे काम दिले. फलकावर समतेची भाषा आणि अर्जात रकानाच नाही, तर सूचनेस अर्थ उरत नाही.

सूचना थोडक्यात अशी असावी : "भरती, पगार व बढती पात्रतेवरच होईल. लिंगओळख वा लैंगिक कल यांवरून टिंगल, छळ किंवा अडवणूक केल्यास कारवाई होईल. तक्रार पुढील अधिकाऱ्याकडे द्यावी." खाली अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक द्यावा.

काहींच्या मनात शंका येते की, आमच्या श्रद्धेचे काय? सूचनेने कोणाच्या मतास हात घालू नये. नियम वागणुकीस लावावा. मिरवणुकीत येण्याची किंवा बिल्ला लावण्याची सक्ती नको. तसेच कोणासही 'तू कोण?' असे विचारू नये, कळलेले इतरांस सांगू नये. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले असून लैंगिक कल हाही त्याचाच भाग मानला आहे.

कायद्यात वेळोवेळी बदल होतात. म्हणून मसुदा वकिलांकडून तपासून घ्यावा व दरवर्षी पुन्हा वाचावा. सभासद बंधुभगिनींनी आपापल्या कचेरीतील फलक व अर्ज एकदा पाहावेत. तक्रार अधिकाऱ्याचे नाव तेथे नसेल, तर प्रथम तेच लिहवून घ्यावे.