नफ्याचं गणित (भाग 7) : बीटी पाकिटावरचा खटला

मागच्या भागात पेटंटची ओळख झाली. शोधाची माहिती उघड करायची आणि त्याबदल्यात अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं त्यावर एकट्याचा हक्क मिळवायचा, असा हा सौदा. हा हक्क कोर्टात ओढला गेला, की कंपनीच्या नफ्याचं काय होतं ते आज पाहू. त्यासाठी फार लांब जायला नको. आर्वी तालुक्यातल्या रोहण्यासारख्या गावांत मृगाच्या तोंडावर बीटी कापसाच्या बियाण्याचं जे पाकीट विकलं जातं, त्यावरच देशातला एक मोठा पेटंट खटला लढला गेला.

जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सॅन्टो यांनी मिळून महिको-मोन्सॅन्टो बायोटेक ही कंपनी काढली. बोंडअळीला मारक ठरणारं जनुक बियाणे कंपन्यांना द्यायचं आणि विकलेल्या दर पाकिटामागे रॉयल्टी घ्यायची, हा तिचा धंदा. या रॉयल्टीला ‘ट्रेट फी’ म्हणतात. 2002 मध्ये परवानगी मिळालेल्या या तंत्राच्या पहिल्या आवृत्तीचं, म्हणजे बोलगार्डचं, भारतात पेटंट नव्हतंच. 2006 मध्ये आलेल्या बोलगार्ड-2 चं पेटंट 2008 मध्ये मिळालं. पण अर्ज 1999 चा, त्यामुळे मुदत संपणार होती 2019 मध्ये. म्हणजे पेटंट हातात पडलं तेव्हाच आठ वर्षांहून अधिक काळ सरलेला होता.

राज्य सरकारांनी बियाण्याच्या किमतीला मर्यादा घातली, तेव्हा हैदराबादच्या नुझिवीडू सीड्सनं रॉयल्टीही त्या प्रमाणात कमी करायची मागणी केली. वाद चिघळला. नोव्हेंबर 2015 मध्ये नुझिवीडूचा हे जनुक वापरण्याचा परवाना रद्द झाला आणि फेब्रुवारी 2016 मध्ये मोन्सॅन्टो दिल्ली उच्च न्यायालयात गेली.

अशा खटल्यात वकिलांची फी सगळ्यांच्या डोळ्यांत भरते. पण मोठ्या कंपनीला ती जड जात नाही. खरा फटका तीन ठिकाणी बसतो. पहिला, अडकलेल्या रॉयल्टीचा. ती येईलच अशी खात्री नसेल, तर नफ्यात धरता येत नाही. दुसरा, मनाई हुकमाचा. संकरित बियाणं आदल्या हंगामातच तयार करून ठेवावं लागतं. ऐन एप्रिल-मेमध्ये विक्रीला मनाई झाली, तर गोदामातला सगळा माल पडून राहतो. ही भीती प्रतिवादीला तडजोडीकडे ढकलते. तिसरा फटका वेळेचा. खटला कितीही लांबला, तरी पेटंटची मुदत एका दिवसानंही वाढत नाही.

या खटल्यात तिसरा फटका सगळ्यांत भारी ठरला. मार्च 2017 मध्ये एका न्यायमूर्तींनी परवाना रद्द करणं बेकायदा ठरवलं आणि रॉयल्टी सरकारी दरानं घ्यायला सांगितलं. एप्रिल 2018 मध्ये खंडपीठानं पेटंटच रद्द केलं. वनस्पती, बियाणं यांवर पेटंट देता येत नाही, या कायद्यातल्या कलम 3(जे)चा आधार घेऊन. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि साक्षीपुराव्यासह सुनावणीसाठी खटला परत पाठवला. त्याच वर्षी पेटंटची मुदत संपली. मोन्सॅन्टो तोवर बायरच्या ताब्यात गेली होती. मार्च 2021 मध्ये दोन्ही पक्षांनी समेट केला. पेटंट वैध होतं की नाही, याचा अंतिम निवाडा झालाच नाही.

दरम्यान नफ्याचा निकाल कोर्टाबाहेर लागला होता. केंद्र सरकारनं डिसेंबर 2015 मध्ये कापूस बियाण्याच्या किमतीवर नियंत्रण आणलं. पाकिटामागे सुमारे 163 रुपये असलेली ट्रेट फी 2016 मध्ये 49 रुपयांवर आली, मग 39, मग 20 आणि 2020 मध्ये शून्य. दर एक कोटी पाकिटांचा हिशेब मांडला, तर पहिल्या कपातीतच 114 कोटी रुपयांची कमाई गेली. त्याच 2016 मध्ये तणनाशक सहन करणाऱ्या नव्या कापसाच्या परवानगीचा अर्ज महिकोनं मागे घेतला. पुढे तसंच विनापरवाना बियाणं ‘चोर बीटी’ म्हणून विदर्भात पसरलं. त्यावर कुणालाच रॉयल्टी मिळत नाही आणि बियाणं फसलं, तर शेतकऱ्याला दादही मागता येत नाही.

मग रॉयल्टी गेल्याचा फायदा कुणाला झाला? 2019 मध्ये पाकिटाची कमाल किंमत 730 रुपये होती आणि त्यात 20 रुपये ट्रेट फी होती. 2020 मध्ये फी शून्य झाली, पण किंमत 730 रुपयेच राहिली. ते 20 रुपये बियाणे कंपन्यांच्या वाट्याला गेले. 2025 मध्ये ही किंमत 901 रुपये झाली. पेटंटच्या खटल्यात पैसा एका कंपनीच्या खिशातून दुसरीच्या खिशात जातो. ग्राहकापर्यंत तो आपोआप पोचत नाही.

पुढच्या आठवड्यात : कंपनीच्या वार्षिक अहवालात खटल्यांची ‘संभाव्य देणी’ कुठे शोधायची आणि कशी वाचायची.