रांगेंतील जागेची किंमत

रांगेंत तिष्ठत उभें राहणें ही कोणासच आवडणारी गोष्ट नव्हे. रेशनचें दुकान असो, आगगाडीच्या तिकिटाची खिडकी असो, कीं आषाढींतील पंढरपूरची दर्शनबारी असो. पाय दुखूं लागले म्हणजे मनुष्य मनांतल्या मनांत त्रागा करतोच. तरीसुद्धां रांगेच्या ठायीं एक मोठा गुण आहे, आणि तो आपण सहसा बोलून दाखवीत नाहीं. जो आधीं आला तो पुढें, जो मागून आला तो मागें. येथें राव आणि रंक हा भेद नाहीं. एवढा एक नियम पाळला जातो, या विश्वासावर शेंकडों अनोळखी माणसें तासन्‌तास एकामागें एक शांतपणें उभीं राहतात. हल्लीं हा नियम पैसे देऊन ओलांडतां येतो, व तोही उघडपणें, ठरलेल्या दरानें. मुलांच्या करमणुकीसाठीं उभारलेल्या मोठमोठ्या उद्यानांत ही प्रथा कशी रूढ झाली आणि तिचा परिणाम काय होतो, याचा विचार या लेखांत करावयाचें आम्हीं योजिलें आहे. सुटींत मुलांना अशा ठिकाणीं नेणारीं कुटुंबें आमच्या वाचकवर्गांत पुष्कळ आहेत. आणि ज्यांचीं मुलें-नातवंडें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत, त्यांच्या प्रवासाच्या बेतांत तर डिस्नेचें नांव बहुधा असतेंच.

वॉल्ट डिस्ने यांचें डिस्नेलँड हें उद्यान कॅलिफोर्नियांतील अ‍ॅनाहाइम येथें १७ जुलै १९५५ रोजीं उघडलें. त्या काळीं आंत जाण्याचें तिकीट निराळें आणि प्रत्येक खेळाचें तिकीट निराळें, अशी व्यवस्था होती. थोड्याच महिन्यांत तिकिटांचीं लहान पुस्तकें निघालीं. त्यांत खेळाच्या योग्यतेप्रमाणें ए, बी, सी अशा प्रतींचीं तिकिटें असत. १९५९ सालीं सर्वांत मोठ्या खेळांसाठीं ‘ई’ तिकीट आलें. ही पद्धत १९८२ सालीं बंद पडली आणि एकदां प्रवेशमूल्य भरलें कीं सर्व खेळ खुले, असा नियम झाला. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. जुन्या पद्धतींतही पैशाला महत्त्व होतेंच; मोठ्या खेळास अधिक पैसे पडत. परंतु एकदां रांगेंत पाऊल टाकल्यावर तेथें कोणाचा पैसा चालत नसे. पैशानें खेळ विकत मिळे. दुसऱ्याच्या पुढची जागा विकत मिळत नसे.

१९९९ सालीं डिस्नेनें ‘फास्टपास’ नांवाची युक्ति काढली. खेळाच्या दारापाशीं एक यंत्र ठेवलेलें असे. त्यांत आपलें प्रवेशपत्र घातलें कीं एक चिठ्ठी बाहेर पडे, आणि परत येण्याची एका तासाची मुदत तिजवर छापलेली असे. त्या मुदतींत आलें म्हणजे निराळ्या, आंखूड रांगेंतून आंत सोडीत. या चिठ्ठीस वेगळें मूल्य नव्हतें. जो सकाळीं लवकर येई आणि दिवसाचा बेत नीट आंखी, त्यास तिचा लाभ होई. दोष एवढाच, कीं जो मनुष्य चिठ्ठी घेऊन एका खेळाच्या अदृश्य रांगेंत असे, तोच देहानें दुसऱ्या खेळाच्या रांगेंत जाऊन उभा राही. एका माणसानें एकाच वेळीं दोन जागा अडविल्यावर साध्या रांगा वाढल्या तर नवल काय? तथापि या व्यवस्थेंत श्रीमंतास एक चिठ्ठी आणि गरिबास एक चिठ्ठी, एवढी समता होती.

मार्च २०२० मध्यें साथीमुळें उद्यानें बंद झालीं. तीं पुन्हां उघडलीं तेव्हां विनामूल्य फास्टपास परत आला नाहीं. ऑक्टोबर २०२१ मध्यें फ्लोरिडांत त्याच्या जागीं ‘जिनी प्लस’ आली. तिचा दर दिवसाला माणशीं १५ डॉलर. कॅलिफोर्नियांत तोच २० डॉलर झाला. कांहीं मोठ्या खेळांचे पैसे याहून वेगळे. पुढें गर्दीच्या दिवशीं दर अधिक, विरळ दिवशीं कमी, असें होऊं लागलें. जुलै २०२४ मध्यें या सोयीचीं नांवें बदलून ‘लाइटनिंग लेन’ हें बिरुद सर्वत्र लागलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘प्रीमियर पास’ निघाला. तो घेणाऱ्यास वेळेचें बंधन नाहीं. वाटेल तेव्हां यावें आणि जलद रांगेंतून आंत जावें. फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडम उद्यानांत आरंभीं या पासाचा दर दिवसानुसार माणशीं ३२९ ते ४४९ डॉलर ठेवला होता; प्रवेशमूल्य अर्थात् निराळें. अधिक दराच्या दिवशीं चौघांचें कुटुंब गेलें, तर केवळ उभें न राहण्याचे १,७९६ डॉलर झाले! युनिव्हर्सल कंपनीच्या उद्यानांतही ‘एक्स्प्रेस’ तिकीट विकत मिळतें, आणि तिच्या कांहीं महागड्या हॉटेलांत उतरणाऱ्यांस तें खोलीच्या भाड्यांतच दिलें जातें. आपल्या खोपोलीचें इमॅजिका आणि बंगळुराचें वंडरला यांनींही जलद प्रवेशाचीं अधिक किंमतीचीं तिकिटें ठेविलीं आहेत.

आतां प्रश्न असा, कीं हे पैसे देऊन मनुष्य नक्की काय विकत घेतो? ‘वेळ’ असें उत्तर कोणीही चटकन् देईल. परंतु वेळ कांहीं कारखान्यांत तयार होत नाहीं. रांगेचेंही एक गणित आहे. डेन्मार्कमधील एर्लांग यांनीं कोपनहेगनच्या टेलिफोनांसंबंधानें १९०९ सालीं या शास्त्राचा पाया घातला, आणि १९६१ सालीं जॉन लिटल यांनीं त्यांतील एक मुख्य नियम सिद्ध केला. तो नियम असा: रांगेंतील माणसांची संख्या म्हणजे दर तासाला येणारीं माणसें गुणिले प्रत्येकास लागणारा वेळ. एवढें ध्यानांत ठेवून एक साधा हिशेब करूं.

समजा, एका खेळांत तासाला १,२०० माणसें बसतात आणि दाराशीं ९०० माणसें एकदम आलीं. शेवटच्या मनुष्यास ४५ मिनिटें लागतील, आणि सर्वांची सरासरी साडेबावीस मिनिटें पडेल. आतां त्यांपैकीं ३०० माणसांनीं अधिक पैसे भरले व त्यांस आधीं सोडलें. त्यांची सरासरी साडेसात मिनिटांवर आली. उरलेल्या ६०० जणांची मात्र ३० मिनिटें झाली. सर्व ९०० जणांची सरासरी काढली तर ती पूर्वींइतकीच, साडेबावीस मिनिटें! एका क्षणाचीही बचत झाली नाहीं. तिघांतील एकाचीं पंधरा मिनिटें वांचलीं आणि उरलेल्या दोघांच्या माथीं साडेसात-साडेसात मिनिटें बसलीं. इतकेंच नव्हे, तर पैसे भरणारे एकसारखे येत राहिले आणि तासाच्या १,२०० जागांपैकीं ८०० त्यांच्याकडे गेल्या, तर साध्या रांगेंतील ६०० माणसांस उरलेल्या ४०० जागांवर दीड तास काढावा लागेल.

कोणी म्हणेल, आगगाडींत पहिला वर्ग असतोच कीं! परंतु पहिल्या वर्गाचा उतारू अधिक पैसे देऊन मऊ गादीवर बसतो; त्याच्या गादीमुळें साध्या डब्यांतील मनुष्य तासभर उशिरा पोंचत नाहीं. येथें तसें नाहीं. येथें एकाची सोय ती दुसऱ्याच्या वेळेंतून कापून दिलेली असते, आणि तिचे पैसे त्या दुसऱ्यास न मिळतां उद्यानाच्या मालकास मिळतात. शिवाय साधी रांग आंखूड झाली तर जलद तिकीट घेणार कोण? रांग लांब असण्यांतच विक्रेत्याचा लाभ, ही गोष्ट ग्राहकानें विसरूं नये.

दुसरी बाजूही मांडणें न्यायाचें होईल. ज्यास वर्षांतून एकच दिवस मोकळा सांपडतो, ज्याच्याबरोबर तान्हें मूल किंवा वृद्ध आई आहे, त्यास एका तासाची किंमत इतरांहून खरोखरच अधिक असते. असा मनुष्य ती किंमत देण्यास राजी असेल तर त्यास अडवावें कां, असें अर्थशास्त्रज्ञ विचारतात. या म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु गरज आणि ऐपत या दोन गोष्टी एकाच घरीं नांदतात असें नाहीं. ज्या मजुराची सुटी सर्वांत दुर्मिळ, त्याच्याच खिशाला हें तिकीट परवडत नाहीं. हार्वर्ड विद्यापीठांतील तत्त्वज्ञ मायकेल सँडेल यांनीं २०१२ सालच्या आपल्या ग्रंथांत बाजाराच्या मर्यादांची चर्चा आरंभिली, ती रांग ओलांडण्याच्या याच प्रश्नापासून. डेव्हिड माइस्टर यांनीं रांगेंतील मनःस्थितीवर १९८५ सालीं लिहिलेल्या निबंधांत दाखविलें आहे, कीं रिकामी वाट पाहणें कामांत घालविलेल्या वेळाहून लांब वाटतें, आणि अन्यायाची वाट पाहणें न्यायाच्या वाट पाहण्याहून लांब वाटतें. ज्यानें कधीं रांगेंत उभें राहून बाजूनें कोणी पुढें जातांना पाहिलें आहे, त्यास याचा दाखला निबंधांत शोधावा लागणार नाहीं.

हें सारें आम्ही दुरून लिहीत आहों, असें वाचकांनीं समजूं नये. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही नातवंडांसह अशाच एका उद्यानांत गेलों होतों. ऊन मी म्हणत होतें, आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे दुखत होते, आणि दिवस एकच होता. आम्हीं जलद तिकिटें घेतलीं. फाटकापाशीं आमच्या आठ वर्षांच्या नातीची एका समवयस्क मुलीशीं गट्टी जमली होती. दोघींनीं खाऊ वांटून घेतला होता. तासाभरानें मोठ्या खेळाच्या दाराशीं आम्ही जलद रांगेंतून चालत गेलों, तों कठड्यापलीकडे तीच मुलगी आपल्या वडिलांचा हात धरून उभी. नातीनें हात हलविला नाहीं; मान खालीं घालून ती आमच्या पलीकडच्या बाजूस झाली. खेळ संपल्यावर तिनें हळूच विचारलें, “आजोबा, ती आपल्या आधीं आली होती ना? मग तुम्ही आपल्याला पुढें कसें नेलेंत?” “आजीचे पाय दुखत होते, बाळ,” आम्ही म्हणालों. “पण पाय तर एकट्या आजीचेच दुखत होते,” ती म्हणाली. यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तिच्या आजीसाठीं एक तिकीट पुरलें असतें. आम्हीं पांच घेतलीं होतीं.

या प्रश्नाची व्याप्ति उद्यानापुरती नाहीं. तिरुपतीस ३०० रुपयांचें विशेष प्रवेशदर्शन आहे, त्र्यंबकेश्वरीं २०० रुपयांचें देणगीदर्शन आहे. देवाच्या दाराशीं जें आपण मुकाट्यानें चालवून घेतों, तें खेळाच्या दाराशीं मुलांना कसें समजावून सांगणार? मुलें नियम पुस्तकांतून शिकत नाहींत. रांगेंत आपण कोठें उभे राहतों तें पाहून शिकतात.

यास्तव सुटीच्या तयारींतील गृहस्थांस व गृहिणींस आमची सूचना अशी आहे. शक्य तर शाळेच्या सुट्या व जोडून आलेले सणवार सोडून, कामाच्या दिवशीं जावें. फाटक उघडण्यापूर्वीं अर्धा तास पोंचावें आणि पहिल्या तासांतच सर्वांत मोठा खेळ उरकावा; तेव्हां जलद तिकिटाचें कामच पडत नाहीं. कांहीं खेळांस एकट्यांची वेगळी रांग असते. रिकाम्या राहणाऱ्या जागा तिच्यांतून भरतात, आणि त्यानें कोणाचा वेळ हिरावला जात नाहीं. मोठीं मुलें तींतून खुशाल जावोत. दुपारीं छपराखालचे कार्यक्रम पाहावे. घरांत कोणी आजारी वा अपंग असेल, तर अशांसाठीं काय सोय आहे याची चौकशी आधींच करावी. इतकें करूनही तिकीट घेणें भाग पडलें तर घ्यावें. पण तें कोणासाठीं व कां घेतलें हें मुलांस आधीं सांगावें, आणि ज्यास गरज त्याच्यापुरतेंच घ्यावें.

पुढच्या सुटींत पुन्हां जाण्याचा बेत आहे. नातीनें आतांच बजाविलें आहे, कीं या खेपेस ती साध्या रांगेंत उभी राहणार. गप्पा मारावयास तेथें कोणी तरी मैत्रीण भेटतेच. आजीसाठीं एक घडीचें आसन आम्हीं घेऊन ठेविलें आहे.