दही लावणारा स्मार्ट डबा बिघडला तर?

थंडीत इडलीचे पीठ फुगत नाही, दही नीट लागत नाही. दिल्ली, इंदूर, भोपाळकडे राहत असाल तर ही तक्रार तुमच्या ओळखीची असेल. घरात कुणाला इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल तर यावर घरच्या घरी उपाय बनतो. एक बंद डबा, आत छोटा हीटर, तापमान मोजणारा सेन्सर, हीटर चालू-बंद करणारा रिले आणि वायफायवर चालणारा छोटा बोर्ड. परदेशात घरी बियर बनवणारे शौकीन जुन्या फ्रिजला असाच मेंदू बसवतात. नेदरलँड्समध्ये सुरू झालेला 'ब्रूपाय' हा त्यातला नावाजलेला प्रकल्प. आपल्याकडे बियर म्हटली की अबकारी कायदा आडवा येतो, पण दह्याला कोण अडवणार?

डबा महिनाभर छान चालतो आणि मग एके दिवशी मोबाइलवर भलताच आकडा दिसू लागतो.

आकडा काय सांगतो?

अशा डब्यांत बहुतेक वेळा डीएस१८बी२० हा सेन्सर असतो. तो अचानक ८५ अंश दाखवू लागला तर घाबरू नका, दही उकळत नाहीये. वीज मिळाल्यावर पहिले मोजमाप होईपर्यंत तो हाच आकडा सांगतो. म्हणजे प्रोग्रॅम घाई करतोय किंवा सेन्सरचा वीजपुरवठा मध्येच तुटतोय. आधी ॲडाप्टर बदलून पाहा.

उणे १२७ दिसले तर मात्र सेन्सरशी संपर्कच तुटला आहे. वायर सैल झाली का, वाफेने सांधा गंजला का, डेटा आणि पॉझिटिव्ह वायरच्या मध्ये ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर आहे का, हे तपासा. आणि हे तपासेपर्यंत प्लग काढून ठेवा. कारण प्रोग्रॅममध्ये 'तापमान ४० पेक्षा कमी असेल तर हीटर चालू' एवढेच लिहिले असेल तर उणे १२७ वाचून त्याला वाटते, बापरे, केवढी थंडी! मग हीटर चालूच राहतो, रात्रभर. डबा थर्मोकोलचा असेल तर तो वितळून पेटूही शकतो.

म्हणून ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याला आजच एक ओळ वाढवायला सांगा: ८५ किंवा उणे १२७ आले की हीटर बंद. तेवढ्यावरही विसंबू नका. रिलेचे आतले टोक कधीकधी चिकटून बसते, मग बोर्डने कितीही 'बंद' म्हटले तरी वीज वाहतच राहते. हीटरच्या वायरमध्ये थर्मल फ्यूज हवाच. काही रुपयांची ही वस्तू ठरावीक उष्णतेला स्वतः तुटते, तिला ना प्रोग्रॅम लागतो ना वायफाय. २३० व्होल्टची ही जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

आकडा विश्वासार्ह वाटतो, तरी दही आंबट किंवा पातळ होते? ग्लासात बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी घेऊन त्यात सेन्सर बुडवा. शून्याच्या आसपास अर्धा अंश इकडेतिकडे चालेल. दोन-तीन अंशांचा फरक असेल तर सेन्सर बदला, बाजारात नकली माल पुष्कळ आहे. सेन्सर हीटरला चिकटून ठेवला असेल तरी फसगत होते. तो भांड्याला टेकलेला हवा.

मोबाइल डब्याशी जोडलाच जात नसेल तर राउटरकडे पाहा. ईएसपी८२६६ हा स्वस्त बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय ओळखतो, ५ गिगाहर्ट्झचे त्याला दिसतच नाही.

सगळे जमले की दह्यासाठी ४० ते ४५ अंश ठेवा, इडलीच्या पिठाला ३० च्या आसपास पुरते. दोन्ही एकाच वेळी एका डब्यात जमत नाही, त्यामुळे रविवारी सकाळी इडली हवी असेल तर दही शनिवारी दुपारपर्यंत आटपून घ्या.