न विचारलेला प्रश्न

परक्या समाजाचा अभ्यास करणारा मनुष्य कोणाशी बोलतो, यावर त्याला काय दिसते हे अवलंबून असते. मानवशास्त्रातील एका प्रसिद्ध उदाहरणावरून आपण हे पाहू.

न्यू गिनीच्या पूर्वेस ट्रोब्रिआंड नावाची बेटे आहेत. १९१५ ते १९१८ या काळात ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की हे पोलिश पंडित तेथे दोनदा जाऊन राहिले. गावात तंबू ठोकून ते लोकांची भाषा शिकले. शिंपल्यांच्या माळा व कंकणे यांची बेटाबेटांतून चालणारी ‘कुला’ ही देवघेव त्यांनी १९२२च्या ग्रंथात वर्णिली, आणि तो ग्रंथ या शास्त्राचा आदर्श ठरला.

पुढे १९७१ साली ॲनेट वाइनर या अमेरिकन विदुषी तेथे गेल्या. गावच्या बायकांनी त्यांना मर्तिकाच्या वाटपाला नेले. केळीच्या वाळलेल्या पानांच्या हजारो जुड्या बायका तेथे वाटीत होत्या! या समाजात कूळ आईकडून चालते. मृताच्या कुळातील स्त्रिया या जुड्या वाटून, दुखवटा पाळणाऱ्या इतर कुळांतील माणसांचे ऋण फेडतात. भाऊ बहिणीच्या घरी कोनफळाच्या जातीचे कंद पाठवितो; म्हणून तिच्या कुळात मृत्यू झाला की जुड्या मिळविण्यास तिच्या नवऱ्याला स्वतःची संपत्ती खर्चावी लागते. म्हणजे पुरुषांच्या व्यवहाराचा हिशेबही बायकांच्या जुड्यांवाचून जुळत नाही.

मालिनोव्स्कींनी स्त्रियांविषयी लिहिले नाही, असे नव्हे. परंतु या जुड्या ही संपत्ती आहे, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. मग स्त्रीने अभ्यास केला की सारे साधते काय? तसेही नाही. वाइनर स्त्री होत्या म्हणून त्यांना बोलावणे आले. पण बायका ज्याला महत्त्व देतात त्याला महत्त्व आहे, असे मानून त्या मागोमाग गेल्या, हे अधिक मोलाचे.

येथेच नीतीचा प्रश्न येतो. मालिनोव्स्की १९४२ साली वारले. त्यांची खाजगी रोजनिशी १९६७ साली प्रसिद्ध झाली, आणि तीत बेटावरील लोकांविषयीचा तिटकारा पाहून अनेक अभ्यासक हादरले. १९७१ साली अमेरिकन मानवशास्त्र संघटनेने ठरविले, की अभ्यासकाची पहिली जबाबदारी ज्यांचा अभ्यास करावयाचा त्या लोकांशी आहे.

ही जबाबदारी केवळ सौजन्याची नव्हे, असे आम्हांस वाटते. ज्यांना विचारण्याजोगे मानले नाही, त्यांच्यावर अन्याय तर होतोच. शिवाय त्या समाजाविषयी आपण जे लिहितो तेही चुकते.