नातवंडांचा लशीनंतरचा ताप

हल्ली आई-वडील दोघेही कामावर, त्यामुळे टिपत हलावमधून लस टोचून आलेले बाळ पुष्कळदा आपल्याच मांडीवर असते. ताप चढला की घाबरतोही आपणच.

2, 4 आणि 6 महिन्यांच्या बाळाला डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात व पोलिओ यांची लस एकाच सुईतून देतात. तिचा ताप बहुधा त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी येतो आणि लवकर उतरतो. मांडी लाल होते, गाठही येते. थंड ओला कपडा ठेवा. हळद, तेल, चोळणे, शेकणे काही नको.

वर्षाच्या लशीची तऱ्हा निराळी. गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या यांचे दुबळे केलेले जिवंत विषाणू तिच्यात असतात. ते अंगात सावकाश काम करतात, म्हणून ताप 7 ते 12 दिवसांनी येतो, बारीक पुरळही उठते. तोवर लस सगळे विसरलेले असतात आणि दात येताहेत की आयिन हारा लागली, यावर घरात वाद! कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा.

तापाला अकामोल द्यावे, पण बाळाच्या वजनाप्रमाणे, नर्स सांगेल तेवढेच. आपल्या डब्यातली ॲस्पिरिन मुलांना कधीही देऊ नका. यकृत आणि मेंदूला इजा होऊ शकते. 3 महिन्यांखालच्या बाळाला 38 किंवा जास्त ताप असेल तर डॉक्टरांना लगेच विचारा. तापात क्वचित आकडी येते. बाळाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा हुंगवू नका, 101 ला फोन करा. चेहरा सुजणे, गांधी उठणे, दम लागणे हे फार विरळा, आणि झालेच तर बहुधा काही मिनिटांतच होते. म्हणून टोचल्यावर नर्स बसवून ठेवते. बससाठी घाई करू नका.

लशीने ऑटिझम होतो, हे सुनांच्या फोनवर अजून फिरते. ते ज्या 1998 च्या लेखातून निघाले, तो लेख छापणाऱ्या मासिकानेच 2010 मध्ये रद्द केला. गोवराने दगावलेली मुले आपल्या पिढीने भारतात पाहिली. 2025 च्या साथीत इथे इस्रायलमध्येही मुले गेली, बहुतेक लस न घेतलेली. सुनेला हे रागावून नव्हे, शांतपणे सांगा.

आणि हो, आपल्या दंडावर बी.सी.जी.चा वण आहे, नातवाच्या नाही, म्हणून नर्सशी भांडू नका. ती लस इथे सरसकट देत नाहीत.